पहिला डोळा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विद्यालयात विद्यार्थ्यांची नेत्रतपासणी झाली. त्यासाठी शहरातून एक तरुण डॉक्टरबाई आल्या होत्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि समोर एका डोळ्यावर तळहात धरून उभी राहिलेली मुले, असा क्रम दिवसभर चालला. अकरा जणांस चष्म्याची गरज असल्याचे आढळले. फळ्यावरचे काहीएक दिसत नसताना केवळ शेजाऱ्याच्या वहीवर विसंबून दोन वर्षे काढलेला एक विद्यार्थीही त्यांत सापडला. काम आटोपल्यावर मुख्याध्यापकांच्या विनंतीवरून बाईंनी आठवी-नववीच्या मुलांस मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची चित्रफीत दाखविली. दोघे धीट म्हणविणारे विद्यार्थी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. शेवटी "काही विचारावयाचे आहे का?" असे बाईंनी म्हणताच आठवीतील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "बाई, तुम्ही अगदी पहिली शस्त्रक्रिया कोणाच्या डोळ्यावर केलीत? आणि त्या माणसाला पुढे दिसू लागले का?"

सभागृहात हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. "हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता," त्या म्हणाल्या, "आणि खरे म्हणजे प्रत्येक रोग्याने तो विचारावयास हवा." त्यांनी त्या दिवशी दिलेले उत्तर आणि त्यामुळे जिज्ञासा चाळवून आम्ही मागाहून वाचलेले, अशा दोहोंतून हा लेख सिद्ध झाला आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा आमच्या लेखणीकडून शास्त्राच्या प्रांतात काही आगळीक घडल्यास शास्त्रशिक्षकांनी ती सांभाळून घ्यावी.

कोणतीही कला शिकावयाची म्हणजे 'हात बसावा' लागतो, असे आपण म्हणतो. सुताराचा मुलगा हात बसेपर्यंत चार फळ्या वाया घालवितो. शिंप्याकडचा नवखा पोर गिऱ्हाइकाच्या कापडास हात लावण्यापूर्वी चिंध्यांवर शिलाई मारतो. आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी किती परीक्षानळ्या फुटतात याचा हिशेब शास्त्रशिक्षकांनी आम्हांस सांगितला आहे, पण तो येथे छापण्यास त्यांची संमती नाही. फळी दुसरी आणता येते, नळी दुसरी विकत घेता येते. परंतु वैद्याचा हात ज्यावर बसावयाचा तो डोळा कोणाचा तरी असतो, आणि तो दुसरा मिळत नाही.

या प्रश्नाशी आमचा जुना संबंध आहे. आम्ही सातवीत होतो, म्हणजे या गोष्टीस आता वीस-पंचवीस वर्षे झाली. आमच्या आजीच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू एका मोफत शिबिरात काढला. ते शिबिर कोणाचे व कोठले हे सांगण्यात आज अर्थ नाही. अशा शस्त्रक्रियेत सहसा डोळा तेवढा बधिर करतात. रोगी जागा असतो, चेहऱ्यावर कापड असते, आणि शस्त्रक्रिया करणाराचा हात आधारासाठी त्याच्या कपाळावर टेकलेला असतो. आजी घरी आली तेव्हा सर्वांनी तिला घेरले. ती आपल्या कोकणीत एवढेच म्हणाली, "भुरगो आशिल्लो. हात कांपतालो ताचो." म्हणजे, पोरसवदा होता, त्याचा हात कापत होता. डोळ्यातील नाजुक पिशवी फाटली होती, म्हणून कृत्रिम भिंग बसविता आले नाही, असे मागाहून समजले. पुढे कित्येक वर्षे आजी जाड भिंगाचा चष्मा लावीत असे. त्यातून प्रत्येक वस्तू मोठी व जवळ आल्यासारखी दिसे. कपात चहा ओतू गेली तर धार बशीत पडे, आणि उंबरठ्यापाशी ती पाऊल उगाच उंच उचली. त्या मुलाविषयी तिने कधी वावगा शब्द काढला नाही. आम्ही मात्र मनात राग धरून होतो. त्या मुलासही कोणी तरी शिकविले असेल, किंवा पुरेसे शिकविलेच नसेल, हा विचार सुचण्यास आम्हांस स्वतः हातात खडू धरावा लागला.

ही पिशवी म्हणजे काय, ते समजले तरच पुढील गोष्टींचे मर्म ध्यानात येईल. मनुष्याचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलीमीटर लांब असतो. बाहुलीच्या मागे मसुरीच्या दाण्याच्या घडणीचे, पण त्याहून मोठे, नऊ-दहा मिलीमीटर व्यासाचे एक पारदर्शक भिंग असते. ते गढूळ होते, त्यासच आपण मोतीबिंदू म्हणतो. हे भिंग एका अतिशय पातळ पारदर्शक पिशवीत बसविलेले असते. पिशवीच्या मागच्या बाजूची जाडी किती? एका मिलीमीटरचे हजार भाग कल्पिले, तर त्यांतील अवघे चार, कोठे कोठे त्याहूनही कमी. आपल्या डोक्याचा केस त्याच्या पंधरा-वीस पट जाड भरेल. शस्त्रक्रिया करणाराने या पिशवीच्या पुढच्या बाजूस सुमारे पाच मिलीमीटर व्यासाचे गोल भोक पाडावयाचे, त्यातून गढूळ भिंग बाहेर काढावयाचे, मागची बाजू शाबूत राखावयाची, आणि त्याच पिशवीत नवे कृत्रिम भिंग सरकवावयाचे. पुढचे गोल भोक पाडताना ओढ जरा चुकली की केळीचे पान टरकन् फाटावे तशी ती चीर कडेकडे धावते. मागची बाजू फाटली तर डोळ्याच्या पोकळीत भरलेला चिकट काचाभ द्रव पुढे येतो, आणि साधी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. वैद्याचे कसब बव्हंशी या मागच्या पडद्यास अभय देण्यात आहे.

हे सर्व सूक्ष्मदर्शकातून पाहत करावयाचे. मोतीबिंदू काढण्याच्या हल्ली दोन मुख्य रीती आहेत. एकीत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलीमीटर रुंदीचे तिरकस भुयार कोरून भिंग अखंड बाहेर काढतात; भुयार आपोआप मिटते, टाका लागत नाही. दुसरीत तीन मिलीमीटरहून लहान छिद्रातून एक पोकळ सुई आत घालून अतिध्वनीच्या कंपनांनी भिंगाचा चुरा करतात व तो शोषून घेतात. ही दुसरी रीत अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये प्रचारात आणली. दंतवैद्याचे दात साफ करण्याचे यंत्र पाहून त्यांस ती सुचली. या रीतीत दोन्ही हात डोळ्यात गुंतलेले असतात आणि दोन्ही पायही मोकळे नसतात. एका पायाखाली सूक्ष्मदर्शक हलविण्याच्या कळा, दुसऱ्या पायाखाली कंपने व शोषण कमी-अधिक करण्याची पट्टी. ज्यांनी आमच्याकडील नाट्यप्रयोगांत पायपेटी वाजविणाऱ्यास पाहिले असेल, त्यांस ही कसरत थोडीशी कल्पिता येईल. मात्र पेटीवर एक सूर चुकला तर प्रेक्षक क्षमा करतात.

आता शिकावे कसे? सराव जिवंत माणसावर करू नये, हा विचार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात केवळ सरावासाठी वाहिलेला एक अध्याय आहे. सर्व शास्त्र पढलेला शिष्यदेखील ज्याने हाताने अभ्यास केला नाही तो कर्मास अपात्र, असा त्याचा रोख आहे. आणि नुसता उपदेश करून ग्रंथकार थांबत नाही. कापण्याचा सराव भोपळा, काकडी, कलिंगड यांवर करावा. फोडण्याचा, पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. खरवडण्याचा, केसाळ कातड्यावर. शिरेचा वेध मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठावर. रुतलेली वस्तू उपटून काढण्याचा सराव फणसाच्या व बेलाच्या गरावर. टाके घालण्याचा, जाड्या-बारीक वस्त्रांवर. आणि पट्ट्या बांधण्यासाठी अवयवांसह बनविलेला एक पूर्णाकृती पुतळाच घ्यावा. पर्रा गावच्या कलिंगडांचा असा उपयोग आमच्या विद्यार्थ्यांस सुचला नसता! याच संहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेने मोतीबिंदू बाजूस ढकलण्याची क्रिया वर्णिली आहे, आणि डावा डोळा उजव्या हाताने व उजवा डोळा डाव्या हाताने वेधावा असे तेथे सांगितले आहे. म्हणजे डाव्या हातासही विद्या शिकविणे आले. शलाकेची ती रीत आता वैद्यकाने टाकून दिली आहे, कारण तीत डोळ्यास फार धोका असे. सरावाचा अध्याय मात्र जुना झालेला नाही.

तो अध्याय विसरला गेला असे म्हणावे तरी कसे? पण गेल्या शतकात पुष्कळ ठिकाणी वैद्यकाचे शिक्षण एका सोप्या वाटेने चालले, हे खरे: आधी पाहावे, मग करावे, मग दुसऱ्यास शिकवावे. ही वाट सोपी होती, कारण तिचे मोल दुसराच कोणी देत असे. जो पैसे देऊन येई, त्यावर ज्येष्ठ वैद्य शस्त्रक्रिया करीत. नवशिक्याच्या वाट्यास बहुधा मोफत खाटेवरचा रोगी येई. शहाणे गुरू शेजारी उभे राहून शिष्याचा हात सांभाळीत. असे गुरू जेथे होते तेथे वाईट थोडे घडले. पण सर्वत्र ते होते असे नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याची कल्पना वैद्यकाने वैमानिकांकडून घेतली. अमेरिकेत एडविन लिंक या गृहस्थांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. विमान चालविण्यास शिकणे फार महाग पडते म्हणून लिंक यांनी ऑर्गनच्या भात्यांचा उपयोग करून १९२९ मध्ये जमिनीवरच डुलणारे, कलणारे एक खोटे विमान तयार केले. आरंभी जत्रेतील करमणूक यापलीकडे त्यास फारशी किंमत मिळाली नाही. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम पडले, आणि धुक्यात व रात्री केवळ यंत्रे पाहून उडण्याचा सराव नसल्याने थोड्याच आठवड्यांत कित्येक तरुण प्राणास मुकले. त्यानंतर सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात मोठ्या संख्येने वैमानिक या यंत्रांत बसून, न मरता, आपल्या पहिल्या चुका करून गेले.

आल्बर्ट युल्ची हे असेच एक वैमानिक. १९५१ मध्ये त्यांनी वैमानिकांना कृत्रिम विमानांत शिक्षण देणारी संस्था काढली व त्यात अपार पैसा मिळविला. ऑर्बिस या संस्थेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. या संस्थेचे विमान म्हणजे १९८२ पासून देशोदेशी फिरणारे एक नेत्ररुग्णालय. आत शस्त्रक्रियागृह आणि पुढच्या भागात वर्गखोली. शस्त्रक्रिया चालू असताना तिचे चित्र वर्गात दिसते, आणि तेथील डॉक्टर ध्वनिवर्धकातून शस्त्रक्रिया करणारास प्रश्न विचारतात. उतारवयात युल्ची यांनी आपल्या मुलासह 'हेल्पमीसी' ही संस्था स्थापिली. भुयाराच्या रीतीची शस्त्रक्रिया, एकाही रोग्यास स्पर्श करण्यापूर्वी, यंत्रावर शिकविता यावी, हा तिचा हेतू. २०१२ मध्ये युल्ची वारले; काम पुढे चालू राहिले.

डॉक्टरबाई ज्या यंत्रावर शिकल्या ते जर्मनीतील मानहाइम येथे तयार झालेले 'आयसी' नावाचे यंत्र. टेबलावर एक कृत्रिम डोके, त्यात एक यांत्रिक डोळा, वर सूक्ष्मदर्शकासारखी नळी, खाली पायाच्या पट्ट्या. हत्यार त्या डोळ्यात घातले की आतील कॅमेरे त्याचे टोक कोठे आहे ते टिपतात, आणि नळीतून पाहणारास संगणकाने रंगविलेला सजीव डोळा, खोलीसह, दिसतो. पहिल्या दिवशी यंत्र भिंग काढावयास देत नाही. हवेत तरंगणाऱ्या बिंदूस हत्याराचे टोक लावून ते न कापता धरून ठेवावे, चिमट्याने लहान लहान वस्तू उचलून एका जागी आणाव्यात, असले पोरखेळ करावयास लावते. "ते पोरखेळ मला तीन दिवस जमले नाहीत," असे बाईंनी सांगितले तेव्हा मागच्या बाकावरील मंडळींचे चेहरे खुलले. प्रत्येक प्रयत्नाचे गुण लगेच पडद्यावर येतात: हात किती कापला, हत्यार बुबुळास किती वेळा लागले, भोक कितपत गोल पडले. पिशवी फाटली तर यंत्र तेही सांगते, आणि मग एक कळ दाबली की डोळा पूर्ववत् अखंड होतो. ही एक कळ पाहण्यासाठी आम्ही पुष्कळ दूर चालत जाऊ.

परंतु असली यंत्रे अत्यंत महाग असतात, आणि ती नसली म्हणजे सराव होत नाही असे मुळीच नाही. टोमॅटोच्या अथवा द्राक्षाच्या सालीवर गोल भोक पाडण्याची पकड येते. बकऱ्याचे व डुकराचे डोळे तर कित्येक ठिकाणी सरावासाठी वापरतात. फक्त कोवळ्या जनावराची पिशवी माणसाच्या पिशवीहून लवचिक असते, म्हणून हातास तोच अनुभव येत नाही. अलीकडे माणसाच्या डोळ्याबरहुकूम घडविलेले कृत्रिम डोळेही मिळतात. हात शिकतो कसा याचे एक निराळे उदाहरण मदुरेचे डॉ. वेंकटस्वामी यांचे. तरुणपणी संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली. त्या वाकड्या बोटांस त्यांनी पुन्हा हत्यार धरावयास शिकविले, सहस्रावधी शस्त्रक्रिया केल्या, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय काढले. आज तेथे देशोदेशीचे डॉक्टर शिकावयास येतात.

चित्रफितीचे महत्त्व आम्हांस प्रथम उमगले नव्हते. एखाद्याची शस्त्रक्रिया पाहून आपली कशी सुधारेल? बाईंनी समजाविले ते असे. रोगी जागा असतो आणि सर्व ऐकत असतो. शिष्याचा हात चुकीच्या दिशेस वळला, तरी गुरूस "अरे, हे काय करतोस?" असे ओरडता येत नाही, ओरडला तर कापडाखालील मनुष्य दचकेल आणि डोळा हलेल. म्हणून शस्त्रक्रियागृहात खरे शिक्षण अर्धेच होते. सूक्ष्मदर्शकास जोडलेल्या कॅमेऱ्याने सर्व टिपून ठेवले म्हणजे संध्याकाळी गुरुशिष्य पडद्यासमोर बसतात. जेथे चूक झाली ते दृश्य थांबवून, मागे नेऊन, मंद गतीने पाहतात. आणि बहुतेक वेळा असे दिसते की पिशवी फाटण्याच्या क्षणी चूक झालेलीच नव्हती, ती त्याआधी दोन मिनिटे हत्यार वाकडे धरले तेव्हाच झाली होती. प्रत्येक पायरीस गुण देण्याचे ठराविक तक्तेही आहेत. 'नवखा' पासून 'समर्थ' पर्यंत चार श्रेणी. आमच्या निबंधाच्या वह्या तपासण्याहून हे तपासणे पुष्कळ न्याय्य वाटते, हे येथे कबूल केले पाहिजे.

याचा लाभ खरोखर होतो काय? ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांच्या २६५ शिकाऊ डॉक्टरांनी केलेल्या १७,८३१ शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या; तो अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाची यंत्रे जसजशी पसरली त्या काळात, २००९ पासून २०१५ पर्यंत, पिशवीची मागची बाजू फाटण्याचे प्रमाण शेकडा ४.२ वरून २.६ वर आले. मात्र त्या सहा वर्षांत दुसरेही काही सुधारले असेल, अशी शंका चौकस विद्यार्थी काढील, व ती रास्त आहे. अशी शंका राहू नये म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून तुलना करावी लागते. तशी ती केनिया, टांझानिया, युगांडा व झिंबाब्वे येथील पन्नास शिकाऊ डॉक्टरांवर करण्यात आली. एका गटास केप टाउन येथे पाच दिवस कृत्रिम डोळ्यांवर भुयाराच्या रीतीचा कसून सराव दिला. दुसऱ्या गटाचे नेहमीचे शिक्षण चालू राहिले, व वर्षानंतर त्यासही तोच सराव देण्याचे ठरले होते. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सराव केलेल्यांच्या पहिल्या वर्षातील ५३७ शस्त्रक्रियांत ४२ वेळा पिशवी फाटली. सराव न केलेल्यांच्या २०३ शस्त्रक्रियांत ५४ वेळा. म्हणजे एकीकडे शंभरात सुमारे आठ, दुसरीकडे सत्तावीस.

हे आकडे वाचताना आम्ही त्या सत्तावीस जणांत कोठे तरी आमची आजी शोधीत होतो. आणि खरे पाहता शंभरात आठ हेही थोडे नाही. पाच दिवसांच्या सरावाने कोणी निष्णात होत नाही. त्यानंतरही शेजारी गुरू हवाच. यंत्राचा रोगी खोकत नाही, घाबरत नाही, "बाई, आणखी किती वेळ?" असे विचारीत नाही. डोळ्यावर हात चालवीत असता तोंडाने त्या मनुष्यास धीर देत राहणे, तेही त्याच्या बोलीत, हे कोणत्याही यंत्रावर शिकविले जात असल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

आठवीतील मुलीस अखेर मिळालेले उत्तर आता सांगतो. बाईंनी प्रथम टोमॅटोवर हात चालविला, मग बकऱ्याच्या डोळ्यांवर, मग चार महिने यंत्रावर. यंत्रावर आपण किती डोळे फोडले ते त्यांनी मोजले नव्हते. पहिला खरा डोळा एका वृद्ध मासेविक्रेतीचा होता. गुरू शेजारी बसले होते आणि भुयार कोरण्याचे काम त्यांनीच केले. बाईंकडे केवळ शेवटी भिंग सरकविण्याची पायरी दिली होती. पुढच्या रोग्यांत एकेक पायरी वाढत गेली. "म्हणजे पहिला डोळा माझा एकटीचा नव्हताच," त्या म्हणाल्या. त्या मासेविक्रेतीस दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर दिसू लागले काय, असे मुलीने पुन्हा विचारले. दिसू लागले, आणि तिने प्रथम पाहिले ते डॉक्टरबाईंच्या गळ्यातील ओळखपत्र. त्यावरचे छायाचित्र आणि समोरचा चेहरा ताडून पाहत ती म्हणाली होती, "तूं इतली ल्हान?"

ती चित्रफीत बाईंनी अद्याप जपून ठेवली आहे. त्यांच्या हाताखाली नवा विद्यार्थी आला की त्यास पहिल्या आठवड्यात ती दाखवितात, आणि भिंग सरकविताना आपला हात कोठे कापला ते शोधावयास सांगतात.